रिफ्रेशर ट्रेनिंग छोटं करायचंय, पण कापायचं नेमकं काय?

सुपरवायझर लोक सेफ्टीचं ऑनलाइन रिफ्रेशर, म्हणजे आधी झालेल्या ट्रेनिंगची ठरावीक काळाने होणारी उजळणी, कसं उरकतात हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. एका टॅबमध्ये मॉड्यूल चालू, आवाज म्यूट, समोर शिफ्टचा रिपोर्ट, आणि मधेमधे येऊन नेक्स्ट दाबायचं, शेवटी क्विझ, पास, सर्टिफिकेट डाउनलोड. मी अशी मॉड्यूल केलीत पण आणि बनवायच्या कामातही बसलोय, आणि मला मनापासून वाटतं की यात दोष त्या माणसाचा नाहीये. जे त्याला दहा वर्षांपासून येतंय तेच त्याला पहिल्यापासून ऐकवलं जातं, मग तो दुसरं काय करणार?

मग कोणीतरी म्हणतं ट्रेनिंग छोटं करा, इंटरेस्टिंग करा. म्हणजे काय होतं, तर साठ स्लाइडच्या वीस होतात आणि त्यात एक कार्टून हेल्मेट घालून नाचायला लागतं. यातून फारसं काही साधत नाही, कारण नेमकं काय कापायचं हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

याचं उत्तर शोधायला थेट 1885 मध्ये जावं लागतं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेले अक्षरांचे गट पाठ करायचे आणि काही वेळाने तेच परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. 20 मिनिटांनी सुमारे 58 टक्के वेळ वाचायचा, एका दिवसाने 34 टक्के, 31 दिवसांनी 21 टक्के. हा विसरण्याचा आलेख ट्रेनिंगवाले सगळीकडे दाखवतात, बघा किती विसरतं माणूस म्हणून. पण एबिंगहाउस मोजत काय होता ते बघा ना, वाचलेला वेळ! म्हणजे महिन्यानंतर विसरल्यासारखं वाटलं तरी दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि ते पण निरर्थक अक्षरांचं, रोजच्या कामातलं ज्ञान तर त्याहून जास्त टिकतं. रिफ्रेशरला पहिल्या ट्रेनिंगइतकाच वेळ लागत असेल तर ही सगळी बचत आपण वाया घालवतोय.

शिवाय जाणकाराला नवशिक्याचं ट्रेनिंग देण्यात नुसता वेळच जात नाही. 2003 च्या सुमारास कालयुगा, स्वेलर वगैरे संशोधकांनी हे नीट मांडलं, की पायरी-पायरीने समजावलेलं नवीन माणसाला उपयोगी पडतं, पण तेच अनुभवी माणसाला आडवं येतं, कारण आधीच डोक्यात असलेल्या गोष्टीशी ते जुळवत बसावं लागतं आणि मेंदूची ताकद त्यात खर्च होते.

म्हणून माझं म्हणणं असं की क्विझ शेवटी नको, पहिल्यांदा ठेवा. ज्याला जे येतंय तो भाग त्याच्यासाठी गायब, चुकलं तेवढंच उघडायचं. (जिथे नियमानेच ठरावीक तास भरावे लागतात तिथे तास कापता येणार नाहीत, पण मग तो वेळ प्रसंग सोडवण्यात घालवा, स्लाइड वाचण्यात नको.) आणि प्रत्येक उत्तराबरोबर अजून एक विचारा, किती खात्री आहे? हे मला सगळ्यात भारी वाटतं. 2001 मध्ये बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी दाखवलं की जे उत्तर माणूस ठाम खात्रीने देतो आणि ते चुकलेलं निघतं, ती दुरुस्ती जास्त पक्की लक्षात राहते. आता सुपरवायझर म्हणजे खात्रीने बोलणारा माणूस, कामच तसं आहे. त्याला विचारा, मशीनमध्ये काहीतरी अडकलंय, मेन स्विच बंद करून कुलूप लावलं, आता हात घालायचा का? बरेच जण हो म्हणतील. पण ताणलेली स्प्रिंग, लाइनमधली हवा, हायड्रॉलिकचं प्रेशर, वर उचलून धरलेला भाग, ही ऊर्जा स्विच बंद केला तरी आतच असते, ती सोडून किंवा अडवून, मशीन खरंच मेलंय का ते तपासल्याशिवाय हात घालायचा नाही. ठाम "हो" म्हणून चुकलेला माणूस हे विसरणार नाही, याची शक्यता कुठल्याही स्लाइडपेक्षा जास्त आहे.

प्रश्न म्हणजे फक्त मोजमाप नाही, प्रश्नाने शिकणं पण होतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात काहींनी उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

व्हिडिओबद्दल थोडंसं. ऑनलाइन कोर्सच्या 69 लाख व्हिडिओ-सेशनचा अभ्यास 2014 मध्ये झाला होता, त्यात व्हिडिओ कितीही मोठा असला तरी लोक साधारण जास्तीत जास्त सहा मिनिटं टिकायचे. अर्थात टिकणं म्हणजे शिकणं नव्हे. स्लाइडवरचं वाक्य न् वाक्य वाचून दाखवणारा आवाज मात्र काढाच, डोळे आणि कान एकाच मजकुरावर अडकतात आणि चित्राकडे लक्षच जात नाही. ते नाचणारं कार्टून पण काढा. विषयाशी संबंध नसलेल्या मजेदार गोष्टींनी मुख्य मुद्दा कमी लक्षात राहतो हे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत परत परत दिसलंय. माणूस गुंतला पाहिजे तो पुढे काय करायचं या प्रश्नात.

आणि उरलेलं सगळं एकाच दिवशी कोंबू नका. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 1,350 हून जास्त लोकांवर तपासलं, की जवळजवळ वर्षभराने आठवायचं असेल तर शिकणं आणि उजळणी यांच्यात साधारण तीन आठवड्यांचं अंतर सगळ्यात चांगलं ठरलं. म्हणजे वर्षातून एक तास देण्याऐवजी आज दहा मिनिटं, तीन आठवड्यांनी पाच मिनिटं, मग काही महिन्यांनी दोन-तीन प्रश्न, असं काहीतरी.

हातांच्या कौशल्याला मात्र हे पुरत नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवण्याच्या प्रथमोपचारात, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, हे स्क्रीनवर दोन मिनिटांत कळतं, पण तो जोर हातात टिकत नाही, ट्रेनिंगनंतर तीन ते सहा महिन्यांतच तो उतरायला लागतो. स्क्रीनवरची जी चाळीस मिनिटं वाचतील त्यातली थोडी तरी मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात ठेवायला द्या.