सांता क्लारा काउंटीत मतदार नोंदणी: कोण करू शकतं, काय लागतं, आणि ग्रीन कार्डवाल्यांनी काय करू नये

कॅलिफोर्नियातली सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो ही सगळी गावं सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतात आणि इथे निवडणुका काउंटीचं रजिस्ट्रार ऑफ व्होटर्स ऑफिस घेतं. नुकतीच सिटिझनशिपची शपथ झालेले बरेच जण विचारतात की कुठली कागदपत्रं घेऊन जायचं, तर उत्तर ऐकून आपल्या झेरॉक्सच्या फायलीला वाईट वाटेल, कारण बहुतेकांना काहीच न्यावं लागत नाही.

आधी पात्रता. अमेरिकेचे नागरिक, कॅलिफोर्नियात राहणारे आणि निवडणुकीच्या दिवशी 18 पूर्ण. गंभीर गुन्ह्याच्या शिक्षेत तुरुंगात असलेल्यांना आणि कोर्टाने मतदानासाठी अक्षम ठरवलेल्यांना नाही. मुलं 16 व्या वर्षी आधीच नोंदणी करून ठेवू शकतात, 18 झाले की ती आपोआप चालू होते.

फॉर्म राज्याच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरता येतो. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडीचा नंबर, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे 4 आकडे आणि जन्मतारीख, बस. सही डीएमव्हीकडून, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडून घेतात, ती तिथे नसेल तर फॉर्म छापून सही करून पाठवायचा. नॅचरलायझेशन सर्टिफिकेट जोडावं लागत नाही, तुम्ही फॉर्मवर शपथेवर सांगता की मी नागरिक आहे.

आणि घोळ नेमका इथेच होतो! कागद मागत नाहीत म्हणजे चालतंय असं नाही. एच-वन व्हिसा असो की ग्रीन कार्ड, नोंदणी करायची नाही म्हणजे नाही. डीएमव्हीत लायसन्सच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न असतो, घाईघाईत चुकीची खूण केली तर खोटं नागरिकत्व सांगितल्यासारखं होतं आणि पुढे सिटिझनशिपच्या एन-400 फॉर्मवर कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का हे विचारतातच, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. तिथे दोन मिनिटं जास्त घ्या.

पार्टीच्या रकान्यात अजून एक गंमत आहे. कुठल्याच पक्षाचा नको असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’ निवडा. ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ हा चक्क एक पक्ष आहे, अपक्ष समजून लोक त्यावर टिक करतात.

मुदत निवडणुकीच्या 15 दिवस आधीपर्यंत. ती हुकली तरी मतदानाच्या दिवसापर्यंत व्होट सेंटरवर जाऊन तिथल्या तिथे नोंदणी करून मत देता येतं, फक्त पडताळणी झाल्यावर ते मोजतात. घर बदललं किंवा नाव बदललं तर परत रजिस्टर करायचं, हे लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुली विसरतात.

नोंदणी झालेल्या प्रत्येकाला बॅलट म्हणजे मतपत्रिका घरी पोस्टाने येते. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळवून बघतात, त्यामुळे लायसन्सवर मराठीत झोकात सही केली असेल तर इथेही तीच करा. जुळली नाही तर पत्र येतं आणि दुरुस्तीची संधी मिळते, ते पत्र जाहिरात समजून फेकू नका. परत पाठवायला तिकीट लागत नाही, पण शेवटच्या दिवशी पोस्टावर भरवसा ठेवण्यापेक्षा रात्री 8 च्या आत ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेलं बरं. हिंदीत नमुना बॅलट मिळतं.

पहिल्यांदा बॅलट उघडलं की माणूस जरा दचकतो. काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची तुमच्या विभागाची जागा (एकूण 5 जागा, मुदत 4 वर्षं), करासाठी घरांची किंमत ठरवणारा असेसर, सरकारी वकिलांचा प्रमुख म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी, शाळेचं बोर्ड, पाण्याचं बोर्ड, आणि शेरीफ! पोलीस प्रमुख मतदानाने निवडायचा हे आपल्याकडून आलेल्याला पचायला वेळ लागतो. सगळं एकाच वर्षी नसतं आणि सगळं भरलंच पाहिजे असंही नाही, जे कळत नाही ते कोरं सोडा, बाकीची मतं मोजली जातात.