यीस्ट पेशींचा आकार आणि जनुके

यीस्ट (किण्व) हे एकपेशीय कवक. वाढ पेशीच्या कोणत्या भागात व्हायची आणि विभाजन केव्हा व्हायचे, या दोन गोष्टींवर तिचे रूप ठरते आणि दोन्ही जनुकांच्या ताब्यात असतात. पावासाठी वापरले जाणारे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी अंडाकृती असते. त्याच्या अंगावर कळी फुटते (मुकुलन). शायझोसॅकरोमायसीस पॉम्बे दंडगोलाकार असते. ते टोकांकडून लांबते आणि मधोमध पडदा येऊन दुभंगते.

एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) सॅकरोमायसीस पेशी नवी कळी आधीच्या कळीला लागूनच काढते, द्विगुणित (दोन संच असलेली) पेशी दोन्ही टोकांना. कळी सुटली की मातृपेशीवर कायटिन या कठीण कर्बोदकाचा गोल व्रण राहतो. कॅल्कोफ्लुओर रंजकाने हे व्रण प्रदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या कड्यांसारखे चमकतात. एकगुणित पेशीत ती ओळीने लागलेली दिसतात. बीयूडी1 जनुक निकामी झाले तर कडी वाटेल तिथे विखुरतात, पण कळ्या फुटायच्या थांबत नाहीत. म्हणजे जागा निवडणे वेगळे आणि कळी काढणे वेगळे.

कळी काढण्याचे काम मुख्यतः सीडीसी42 या जनुकाचे. त्याचे प्रथिन पेशीपटलावर एका ठिकाणी गोळा होते, ॲक्टिन प्रथिनाचे तंतू (माल वाहून नेण्याच्या वाटा) तिकडे वळवते आणि पेशीभित्तिकेचा माल तिथेच उतरू लागतो. या जनुकाचे तापमान-संवेदी उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या, पण जास्त तापमानातच बिघाड दाखवणाऱ्या पेशी) 37° से. तापमानाला नेले की वाढ थांबत नाही, फक्त दिशाहीन होते: पेशी कळीविना चेंडूसारखी फुगते आणि आत केंद्रके विभागत राहतात.

आकारमानाचा प्रश्न मात्र वेळेचा आहे. 1970च्या दशकात एडिंबरोत जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स यांना पॉम्बेचे असे उत्परिवर्ती सापडले, जे नेहमीच्या जवळपास निम्म्या लांबीवरच विभागत. स्कॉटिश बोलीत ‘वी’ म्हणजे चिमुकले, म्हणून जनुकाचे नाव वी1. जनुकांच्या रुक्ष नामावलीत हे नाव उठून दिसते. वी1चे प्रथिन विभाजन सुरू करणाऱ्या सीडीसी2 या प्रथिनाला रोखून धरते. लगाम सुटला की पेशी पुरेशी वाढण्याआधीच विभागते. सॅकरोमायसीसमध्ये याचाच भाऊबंद असलेले स्वी1 विभाजन लांबवते, तेव्हा कळी टोकाकडे वाढतच राहते आणि लांबुडकी होते.

नायट्रोजनची उपासमार झाली की द्विगुणित पेशीही अशाच लांबतात. फ्लो11 जनुकाच्या चिकट प्रथिनामुळे त्या एकमेकींना धरून राहतात आणि त्यांच्या साखळ्या आगरमध्ये (पेशी वाढवण्यासाठीच्या घट्ट जेलीत) घुसतात.