'दूध, दूध, दूध': स्वीकारावर आधारलेल्या उपचाराची पार्श्वभूमी

'दूध' हा शब्द मोठ्याने, भराभर, अर्धा-पाऊण मिनिट म्हणत राहा. आधी पांढरा रंग डोळ्यांपुढे येतो, चव आठवते. मग उरतो नुसता आवाज. शब्दावरचा अर्थ असा गळून पडतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी १९१०च्या दशकातच लिहून ठेवले होते. आज उपचारात हाच प्रयोग 'मी नालायक आहे' यासारख्या विचारावर करतात. विचार खोडायचा नाही, त्याची पकड सैल करायची. अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजेच 'अ‍ॅक्ट', या कल्पनेपर्यंत पोचली ती बऱ्याच वळणांनी.

१९५०च्या दशकात वर्तनवाद्यांना, म्हणजे मनाऐवजी दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना, भीती कमी करण्याची रीत सापडली होती: ज्याची भीती वाटते त्याला शांत अवस्थेत, पायरीपायरीने सामोरे जायचे. जोसेफ वोल्पे यांचे काम या बाबतीत मैलाचा दगड मानले जाते. पण माणूस मनातल्या मनात स्वतःशी जे बोलत राहतो त्याचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक यांनी तो हाती घेतला. विचार तपासा, पुराव्यावर टिकत नसेल तर बदला. ही पद्धत जगभर रुजली, आणि ती उपयोगी आहे यात वाद नाही.

अ‍ॅक्टचे जनक, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज हे वर्तनवादी परंपरेतले. १९७८ साली विद्यापीठातल्या विभागाच्या बैठकीत प्राध्यापकांची खडाजंगी चालू असताना त्यांना पहिला पॅनिक अटॅक आला. बोलायला तोंड उघडले, पण आवाजच फुटेना. पुढे भीती टाळण्याची जितकी धडपड केली तितकी ती वाढत गेली, असे ते स्वतः सांगतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि रॉबर्ट झेटल यांनी नैराश्यासाठी एक पद्धत आजमावली. तिचे तेव्हाचे नाव होते 'सर्वांगीण अंतर राखणे', म्हणजे आपल्याच विचारांकडे जरा लांबून पाहणे. ते नाव टिकले नाही हे बरेच झाले. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांचा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग आला: अस्वलाचा विचार करू नका असे बजावलेल्यांच्या मनात अस्वल येतच राहिले आणि बंदी उठल्यावर तर आणखीच.

यानंतर हेज यांनी लगेच उपचाराचा डंका पिटला नाही. अ‍ॅक्टचा मूळ ग्रंथ यायला १९९९ उजाडले. मधली वर्षे भाषेच्या अभ्यासात गेली आणि माझ्या मते या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. प्राणी जिथे इजा झाली ती जागा टाळतो. माणसाला जागेची गरज नसते. नुसता शब्द, त्या शब्दाशी जोडलेला दुसरा शब्द, तेवढ्याने छातीत धडधडते. कधीही न शिकवलेले संबंध मन आपले आपण जोडते. याच क्षमतेने आपण योजना आखतो आणि याच क्षमतेने अंथरुणात पडल्यापडल्या उद्याचे अपयश भोगतो. ही मांडणी २००१ मध्ये 'रिलेशनल फ्रेम थिअरी' म्हणून ग्रंथरूपाने आली.

'मानसिक लवचीकता' ही संज्ञा यातूनच आकाराला आली. नकोशी भावना सोबत असतानाही, आपल्याला जे मोलाचे वाटते त्या दिशेने पाऊल टाकता येणे, असा तिचा साधा अर्थ. 'स्वीकार' या शब्दाने मात्र घोटाळा होतो. तो ऐकून अनेकांना हात टेकणे आठवते. अन्याय किंवा मारहाण सोसत राहा, असे ही पद्धत सांगत नाही. कल्पना सर्वस्वी नवी होती असेही नाही. जपानमध्ये शोमा मोरिता यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भावना जशी आहे तशी असू द्यावी आणि कामाला लागावे, या तत्त्वावर उपचार उभा केला होता.

टीकाही झाली. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी अ‍ॅक्टसारख्या नव्या उपचारांच्या लाटेतले अभ्यास काटेकोरपणात जुन्या पद्धतींच्या अभ्यासांपेक्षा कमी पडतात, असे दाखवले. लवचीकता मोजणारी सात विधानांची प्रश्नावली २०११ मध्ये आली, तर ती लवचीकतेऐवजी त्रासच मोजते, असा आक्षेप निघाला. तो मला रास्त वाटतो.

तरीही २०२१ मध्ये उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे दुसऱ्या आजाराने पुरती उलगडत नाही अशा वेदनेसाठी, या उपचाराचा विचार करावा, असे सुचवले. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅक्टवर आधारलेला गट-कार्यक्रम युगांडात आश्रय घेतलेल्या दक्षिण सुदानी स्त्रियांवर तपासला होता: ६९४ स्त्रिया, दोन-दोन तासांची पाच सत्रे, ध्वनिमुद्रित मार्गदर्शन. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मानसिक त्रास कमी झाला होता. तीन महिन्यांनीही फरक दिसत होता, पण सत्रे संपली तेव्हाच्या मानाने बराच लहान.