खोल समुद्रातील लहान गोबी : जातिनिश्चिती

गोबी माशांच्या (गोबिइडी कुल) बहुतेक जाती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांत व प्रवाळांत राहतात. कोकणातील खाजणांत चिखलावर उड्या मारणारी निवटीही याच गोतावळ्यातली. शंभर-दोनशे मीटर खोलीवरच्या जाती मात्र क्वचित हाती लागतात आणि ट्रॉल (बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या) जाळ्यात रगडल्यामुळे त्यांचे खवले गळालेले, पक्ष (पर) फाटलेले असतात.

दोन सुटे पृष्ठपक्ष (पाठीवरचे पर), अंगावर पार्श्वरेखेचा (बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेचा) अभाव आणि श्रोणिपक्ष (पोटाकडचे पर) जुळून पोटाखाली झालेली चकती, ही गोबीची ओळख सर्वपरिचित आहे. खोल पाण्यात मात्र यांतली चकतीच दगा देते. कॅरिबियन भागातील व्हॅरिकस प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) श्रोणिपक्ष एकमेकांपासून सुटे असतात, त्यामुळे नवखा अभ्यासक असा मासा गोबींतून सहज वगळतो.

रंग ही सर्वांत लवकर नाहीशी होणारी खूण होय. ईशान्य अटलांटिक व भूमध्य समुद्रातील लेस्युरिगोबियस फ्रिसीच्या अंगावरचे सोनेरी ठिपके मद्यार्कात विरून जातात. म्हणून बोटीवरच घेतलेले छायाचित्र मोलाचे ठरते, विशेषतः पुण्यासारख्या समुद्रापासून दूरच्या शहरात, जिथे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र (आकुर्डी) असले तरी समुद्री नमुना टेबलावर येतो तो बहुधा बाटलीतला, फिकट पडलेला.

रंग गेल्यावर खरा आधार डोक्याचा. त्यावरील संवेदी नलिकांची छिद्रे आणि गालावर, डोळ्याखाली व हनुवटीवर ओळींनी मांडलेल्या सूक्ष्म संवेदी पिंडिका (बारीक उंचवटे) यांची रचना प्रजातीगणिक बदलते. इटालियन प्राणिशास्त्रज्ञ लुइजी सान्झो यांनी १९११ मध्ये या ओळींना अक्षरे देण्याची पद्धत घातली व ती आजही वापरात आहे. पिंडिका दिसेनाशा झाल्यास निळ्या रंगद्रव्याचा हलका लेप देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे काम चिकाटीचे आहे, पण त्याला पर्याय नाही.

पक्षांचे अर (परांना आधार देणाऱ्या काड्या) मोजताना बुडाशी जोडलेले शेवटचे दोन अर एकच धरतात; खवले गळाले असतील तर त्यांचे खाचे मोजतात. मणक्यांसाठी क्ष-किरण चित्र लागते. डीएनए तपासणीचा ऊतक-तुकडा मात्र मासा फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) टाकण्यापूर्वीच काढून मद्यार्कात ठेवावा लागतो, कारण फॉर्मॅलिन डीएनए खराब करते. डीएनएचा अनुक्रम मिळाला तरी तुलनेसाठी नाव ठरलेला नमुना नसेल तर ओळख प्रजातीपाशीच थांबते. कधी प्रजातीही जुळत नाही. अँटिलिगोबियस निक्की या कॅरिबियन जातीसाठी २०१२ मध्ये नवी प्रजातीच स्थापावी लागली.