'जातो'मधून निघालेला भविष्यकाळ

फ्रेंच शिकायला लागल्यावर थोड्याच दिवसांत निकट भविष्यकाळ समोर येतो आणि विद्यार्थ्याला हायसं वाटतं. एका क्रियापदाची वर्तमानकाळातली सहा रूपं पाठ करायची, पुढे हवं ते क्रियापद मूळ रूपात ठेवायचं, की झालं. 'झ व्हे मांझे', मी जेवणार आहे. 'इल व्हा मांझे', तो जेवणार आहे. मदतीला घेतलेलं क्रियापद 'आले'. त्याचा अर्थ जाणे, म्हणजे मराठी कानाला नेमका उलटा!

अडचण असते ती त्या सहा रूपांची: व्हे, व्हा, व्हा, आलों, आले, व्हों. ही एकाच क्रियापदाची रूपं वाटत नाहीत, कारण ती नाहीतच. 'व्हे', 'व्हा', 'व्हों' ही लॅटिन 'वादेरे'ची वंशज. 'आलों' आणि 'आले' वेगळ्या घराण्यातली, बहुतेक अभ्यासकांच्या मते 'आंबुलारे'ची. साध्या भविष्यकाळातलं 'इरे' (मी जाईन) आलं तिसऱ्याच 'ईरे'पासून, आणि त्या 'ईरे'चा धातू संस्कृतातल्या 'एति'शी सख्खं नातं सांगतो. यावर नाक मुरडण्याचा हक्क आपल्याला नाही. आपलं 'जातो' संस्कृत 'या' धातूकडून आलं आणि 'गेला' हे 'गत'कडून. आपल्याला ते कधी जाणवत नाही एवढंच.

जाण्यातून भविष्यकाळ निघाला, त्याआधी तो 'असण्या'तून, म्हणजे जवळ बाळगण्यातून निघाला होता. लॅटिनमध्ये 'गाईन' म्हणजे 'कांताबो'. पण बोलण्यात 'ब' आणि 'व' यांचे उच्चार जवळ येत गेले आणि 'कांताबित' (तो गाईल) व 'कांतावित' (तो गायला) यांत फरक उरेना. भविष्य आणि भूत एकसारखे ऐकू येणं कोणत्याच भाषेला परवडत नाही. मग लोक 'कांतारे हाबेओ' म्हणू लागले, शब्दशः 'मला गायचं आहे'. ते शब्द एकमेकांत मुरले आणि आजच्या फ्रेंचच्या साध्या भविष्यकाळातलं 'शांतरे' (मी गाईन) तयार झालं. त्याच्या शेवटचा 'ए' म्हणजे 'माझ्याकडे आहे'मधलाच 'आहे'.

या जोडरूपाचा सर्वांत जुना पुरावा सातव्या शतकातल्या, फ्रेडेगरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत आहे. इराणचा पराभूत राजा पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनला म्हणतो, 'नोन दाबो', देणार नाही. सम्राट म्हणतो, 'दारास', देशील! त्यावरूनच तिथल्या शहराला दारा नाव पडलं, असं बखरकार सांगतो. गोष्ट बनावट आहे, कारण दाराचा किल्ला जस्टिनियनच्या आधीच, सम्राट अनास्तासियसच्या काळात उभा राहिला होता. पण 'दारास' हे रूप अस्सल आहे. पुढे 14 फेब्रुवारी 842 रोजी स्ट्रासबुर्गला घेतलेल्या शपथांत, म्हणजे फ्रेंचच्या सर्वांत जुन्या मजकुरात, 'साल्वाराइ' (मी रक्षण करीन) असं तेच रूप ठसठशीतपणे दिसतं.

जाण्याचा नंबर बऱ्याच शतकांनी लागला. मध्ययुगाच्या अखेरीस 'जाऊन करतो'मधला 'जाऊन' विरत गेला आणि 'करणार आहे' उरलं. मात्र त्याच काळात हीच रचना चक्क भूतकाळ सांगायलाही वापरत, 'मग तो म्हणाला' अशा अर्थाने. फ्रेंचने ती वाट सोडली. शेजारच्या कातालानने मात्र तीच धरली आणि तिथे 'वाच कांता' म्हणजे आजही 'मी गायलो'. हे वाचून हसण्याआधी आपलं 'आलोच!' आठवावं. माणूस अजून जागचा हललेला नसतो, तरी क्रियापद भूतकाळात.

जाण्याचा अर्थ पुरता झिजल्याची खूण म्हणजे 'इल व्हा प्लव्हार', पाऊस येणार. इथे कुणी कुठे जात नाही. 'झ व्हे आले', मी जाणार आहे, यात तर तेच क्रियापद दोनदा येतं आणि कुणाला खटकत नाही. शब्द झिजून व्याकरण बनण्याच्या या प्रक्रियेला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1912 मध्ये नाव दिलं. 'निकट' हे विशेषण मात्र मला फसवं वाटतं. पाच अब्ज वर्षांनी सूर्य विझणार, हेही याच काळात सांगता येतं. मुद्दा अंतराचा कमी आणि आत्ताच ठरल्यासारखं, दिसत असल्यासारखं बोलण्याचा जास्त.

सतराव्या शतकात वाद पेटला तो 'मी'च्या रूपावरून. शिकलेले 'झ व्हे' म्हणतात, पण दरबार 'झ व्हा' म्हणतो, अशी नोंद व्याकरणकार वोझलाने 1647 मध्ये केली. शेवटी शिकलेले जिंकले. दॉमिनिक बूर हा व्याकरणकार 1702 मध्ये वारला. मरताना तो म्हणाला म्हणे, 'मी मरणार, झ व्हे किंवा झ व्हा, दोन्ही म्हणतात.' किस्सा रचलेला असावा, पण व्याकरणकाराला शोभतो खरा.

हरलेलं 'झ व्हा' समुद्रापार गेलं आणि कॅनडातल्या क्वेबेकच्या बोलीत अजून टिकून आहे. तिथे 'मी करणार'चं आणखी आटून 'मा' एवढंच उरतं. मॉरिशसमध्ये तर सहा रूपांचा काच पुरताच सुटला. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आज घरीदारी फ्रेंचमधून घडलेली जी क्रिओल भाषा बोलतात, तिच्यात फ्रेंच 'व्हा'पासून आलेली भविष्याची खूण आहे, आणि मी, तू, तो, आम्ही, कुणीही असो, ती बदलत नाही.