शिक्षणशुल्कावरील कार्ड-सेवाशुल्क (अमेरिकेतील विद्यापीठे)

अमेरिकेतील विद्यापीठाचे शिक्षणशुल्क क्रेडिट कार्डाने भरणाऱ्याकडून मूळ रकमेखेरीज केली जाणारी टक्केवारीतील आकारणी. दर साधारणपणे २.५ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान असतो. २.८५ टक्के हा दर अनेक ठिकाणी आढळतो आणि त्या हिशेबाने १०,००० डॉलरमागे २८५ डॉलर जादा पडतात.

कार्डाने झालेल्या प्रत्येक व्यवहारातून कार्ड देणारी बँक, कार्डजाळे (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी कंपनी) आणि व्यवहार हाताळणारी संस्था आपापला वाटा कापून घेतात. त्यांपैकी बँकेला मिळणारे इंटरचेंज शुल्क सर्वांत मोठे असते. विद्यापीठाने हा खर्च स्वतः सोसला, तर तो धनादेशाने वा बँक खात्यातून भरणाऱ्यांसह सर्वच विद्यार्थ्यांवर पसरतो. यावर उपाय म्हणून काही विद्यापीठांनी शिक्षणशुल्कासाठी क्रेडिट कार्ड घेणेच थांबवले, तर इतरांनी वसुली त्रयस्थ कंपनीकडे सोपवली. या दुसऱ्या पद्धतीत शिक्षणशुल्क विद्यापीठाला पूर्ण मिळते, सेवाशुल्क कंपनी घेते, आणि कार्डाच्या विवरणात बहुधा दोन स्वतंत्र नोंदी दिसतात.

या आकारणीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तिचे मूळ व्हिसा व मास्टरकार्ड यांच्याविरुद्ध २००५ पासून न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चाललेल्या व्यापाऱ्यांच्या सामूहिक दाव्यातील तडजोडीत आहे. कार्डाने पैसे देणाऱ्याकडून अधिभार (कार्ड वापरल्याबद्दलची जादा रक्कम) घेण्यास या जाळ्यांच्या करारांत असलेली मनाई त्या तडजोडीमुळे २७ जानेवारी २०१३ पासून उठली. (कार्ड-अधिभारावरील संघीय कायद्याची बंदी १९७६ मध्ये आली आणि १९८४ मध्येच संपुष्टात आली होती, त्यानंतर खरा अडसर करारांचा आणि काही राज्यांच्या कायद्यांचा होता.) अपील न्यायालयाने ३० जून २०१६ रोजी तडजोडीची मंजुरी रद्द केली, तरी शिथिल झालेले नियम मागे घेतले गेले नाहीत. दुसरे मत प्रथा त्याआधीची मानते. नेहमीच्या मार्गाऐवजी ऑनलाइन वा दूरध्वनीवरून पैसे भरण्याची सोय दिल्याबद्दल सुविधाशुल्क घेण्याची मुभा जाळ्यांनी पूर्वीच दिली होती. मात्र व्हिसाच्या नियमांत ते ठरावीक रकमेचेच असावे लागे, टक्केवारीत नव्हे. त्यामुळे काही काळ अनेक विद्यापीठांत शिक्षणशुल्कासाठी मास्टरकार्ड, डिस्कव्हर व अमेरिकन एक्सप्रेस चालत, पण व्हिसा चालत नसे. पुढे शासकीय व उच्च शिक्षण संस्थांसाठीच्या खास योजनेत व्हिसानेही टक्केवारीतील सेवाशुल्क मान्य केले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण विद्यापीठांतील बहुतेक आकारणी आजही या सेवाशुल्काच्या चौकटीत होते, २०१३ नंतरच्या अधिभाराच्या नव्हे.

डेबिट कार्डाबाबत विद्यापीठागणिक भिन्नता आहे. २०१० च्या डर्बिन दुरुस्ती या संघीय कायद्यातील तरतुदीनुसार मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवरील इंटरचेंजला ऑक्टोबर २०११ पासून मर्यादा घालण्यात आली (प्रत्येक व्यवहाराला २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के, शिवाय फसवणूक-प्रतिबंधासाठी १ सेंट), तरीही अनेक ठिकाणी डेबिट कार्डालाही सेवाशुल्काचा तोच दर लागू असतो.

पर्यायांपैकी बँक खात्यातून थेट भरणा बहुधा निःशुल्क असतो. हप्तेयोजनेत नोंदणीची ठरावीक रक्कम घेतली जाते आणि व्याज सहसा नसते; पण हप्ता कार्डाने भरल्यास सेवाशुल्क बहुधा दर हप्त्याला पडते. संघीय अर्थसाहाय्य विद्यार्थ्याच्या खात्यात परस्पर वळते होते, त्यामुळे तेवढ्या रकमेपुरता हा प्रश्न उद्भवत नाही. प्रवेश रद्द झाल्यास शिक्षणशुल्क नियमानुसार परत मिळते, सेवाशुल्क सहसा मिळत नाही.

भारतातून पैसे भरणाऱ्यांना कार्ड बहुधा आणखी महाग पडते, कारण सेवाशुल्कावर भारतीय बँकेचे परकीय चलन रूपांतरशुल्कही चढते. म्हणून बँकेमार्फतचे प्रेषण (परदेशी पैसे पाठवणे) किंवा फ्लायवायरसारखी सेवा अधिक वापरली जाते. बोस्टनमधील ही कंपनी पूर्वी पीअरट्रान्सफर या नावाने ओळखली जाई. असे प्रेषण रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, आर्थिक वर्षाला प्रतिव्यक्ती २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत होते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर स्रोतावरील करसंकलन (टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) होत नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेली रक्कम या संकलनातून पूर्णपणे वगळण्यात आली आहे.