राजमाता: पतीच्या मागे येणारा मान

मराठी राजघराण्यांत ‘राणीसाहेब’ हा मान लग्नाबरोबर यायचा. सत्ता मात्र बहुधा ‘मातोश्री’, ‘आईसाहेब’ या नावांखाली चालली. राण्या अनेक असत. मुलगा जिचा गादीवर, शब्द तिचा.

आज आपण ‘राजमाता’ म्हटलं की जिजाबाईंचं नाव पहिलं येतं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४चा आणि जिजाबाई गेल्या १७ जूनला. अभिषिक्त राजाची आई म्हणून त्यांना मिळाले अवघे अकरा दिवस. त्याआधीची तीस-एक वर्षं त्यांचा शब्द चालला तो आई म्हणूनच.

या मानाचं सगळं गणित ताराबाईंच्या आयुष्यात दिसतं. १७०० मध्ये पती राजाराम महाराज गेले, तेव्हा मुलाला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या मुलाला कोल्हापूरची गादी मिळाली आणि ताराबाई कैदेत गेल्या. कर्तबगारी तीच होती, पण मुलगा उतरला तशा त्याही उतरल्या. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले तेव्हा त्यांच्या जागी साताऱ्याच्या गादीवर आलेल्या रामराजाची आजी म्हणून ताराबाई पुन्हा उभ्या राहिल्या. पुढे बिनसलं, तेव्हा हा आपला नातूच नव्हे, असंही त्यांनीच सांगून टाकलं!

अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्येच पडले. सुभेदारी खंडेरावांकडे कधी आलीच नाही. मुलगा मालेराव सुभेदार झाला, पण १७६७ मध्ये तोही गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत कारभार अहिल्याबाईंनी पाहिला. पती सुभेदार नव्हता, मुलगा हयात नव्हता, तरी कागदोपत्री त्या ‘मातोश्री’च होत्या.

इंग्रजांच्या काळात आईपणावर सरकारी मोहोर लागू लागली. झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावांना दत्तक घेतलं, पण इंग्रजांनी ते नाकारलं. लक्ष्मीबाईंना देऊ केलं ते महिना पाच हजारांचं पेन्शन. लोकांच्या तोंडी त्या ‘बाईसाहेब’ राहिल्या, पण मुलाच्या नावाने राज्य चालवायचा हक्क गेला. १८७५ मध्ये बडोद्यात मात्र खंडेराव गायकवाडांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घेऊ दिलं आणि कवळाण्याचा मुलगा सयाजीराव झाला. मधे १८५७ घडून गेलं होतं. वारस नाकारणं किती महागात पडतं, हे इंग्रजांना कळलं होतं.

स्वातंत्र्यानंतर हा मान निवडणुकीत उतरला. ग्वाल्हेरच्या विजयाराजे १९५७ मध्ये महाराणी म्हणून लोकसभेत गेल्या. १९६१ मध्ये पती जिवाजीराव वारल्यावर त्या राजमाता झाल्या. बडोद्याच्या इंदिराराजेंची मुलगी गायत्रीदेवी यांचंही जयपुरात तसंच झालं. १९६२ मध्ये त्या महाराणी म्हणून जिंकल्या, तर १९७१ मध्ये राजमाता म्हणून. त्याच वर्षाच्या शेवटी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. विजयाराजेंना मात्र पुढची तीस वर्षं, २००१ मध्ये निधन होईपर्यंत, विरोधकही ‘राजमाता’च म्हणत राहिले.